ओळंबा आणि साखळी

कमानीखालून माणूस जन्मभर जातो-येतो. पण वर पाहतो तो चुन्याचा पोपडा डोक्यावर पडला तरच. देवळाच्या पायऱ्या आपण मोजतो, खांबांवरची नक्षी पाहुण्यांना दाखवतो, कळसाला हात जोडतो. कमान मात्र कुणाच्या खिजगणतीतही नसते. तिने आपले काम इतक्या मुकाट्याने चालवलेले असते की, तेथे काही काम चालू आहे हेच आपण विसरून जातो. वस्तुतः गावातल्या साऱ्या बांधकामात सर्वांत अधिक राबणारी वस्तू तीच. भिंतीतला दगड आपल्या खालच्या दगडावर बसून विसावतो. कमानीतला दगड रात्रंदिवस एका शेजाऱ्याला रेटत असतो आणि दुसऱ्याचा रेटा सोसत असतो.

हे मला लहानपणीच कळले, कारण आमचे वडील गवंडी होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले, पुढे मी मास्तर झालो आणि रात्री जागून कादंबऱ्या लिहू लागलो. पण त्याआधीच्या बहुतेक सुट्ट्या मी दादांच्या हाताखाली चुना कालवण्यात घालवल्या. सिमेंट घरोघर पोचले होते, तरी जुन्या वाड्यांची आणि विहिरींची डागडुजी निघाली की लोक दादांनाच बोलावीत. थापी, गुण्या, ओळंबा, सुताचा गुंडा आणि दोन लांब खिळे एवढा त्यांचा संसार एका गोणपाटाच्या पिशवीत मावत असे.

कमान बांधायची म्हटले की दादा आधी जमीन सारवून घेत, तिच्यावर चुन्याचे पाणी फिरवीत आणि मग त्या पांढऱ्या जमिनीवर कमान काढीत; लहान नव्हे, जेवढ्यास तेवढी. त्यांच्याजवळ कमानी तीनच. एक अर्धगोल. मधोमध खिळा, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला कोळसा. एक फेरा मारला की झाली. दुसरीला ते ‘दोन खिळ्यांची’ म्हणत. रुंदीच्या दोन्ही टोकांना एकेक खिळा, दोरी पूर्ण रुंदीएवढी. दोन फेरे वर जाऊन एकमेकांना टोकाशी भेटले की मशिदीच्या दारासारखी उभट, टोकदार कमान तयार. तिसरी चपटी. तिचा खिळा बराच खाली ठोकायचा आणि लांब दोरीने वरचा एवढासा तुकडा काढून घ्यायचा. खिडकीवर, कोनाड्यावर ती शोभते. या तीन रेघांच्या पलीकडची चौथी रेघ त्यांनी कधी काढली नाही.

“दादा, हीच रेघ का?” असे मी एकदा विचारले. पोराचा प्रश्न वाया घालवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी दोरी ताणून धरली आणि म्हणाले, “ही बघ. दोरी जिकडे जाते तिकडेच दगडाचा सांधा. एक दगड घडला की बाकीचे सगळे त्याच मापाने. पाथरवटाला एकच फर्मा देऊन घरी पाठवता येतं.”

उत्तर पुरे होते, आणि आज इतक्या वर्षांनी मला ते शहाणपणाचेही वाटते. वर्तुळाची मौज अशी की त्याचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागासारखाच वाकलेला असतो. म्हणून कमानीतले सारे दगड एकाच आकाराचे निघतात, आणि कुठला दगड कुठे हा घोळ राहत नाही. सुताराने केलेला लाकडी साचा एका कमानीखालून काढून दुसरीखाली लावता येतो. ज्यांच्यापाशी कागद नव्हता, गणित नव्हते, पण दोरी आणि खिळा होता, अशा लोकांनी जगभर शेकडो वर्षे कमानी बांधल्या त्या याच बळावर. आकार आधी ठरे. दगड त्या आकारात मागाहून बसत.

पण दगडाला वजन असते, आणि वजनाचाही काही एक कल असतो. तो कल वर्तुळाचा नाही.

हे ज्याने प्रथम नेमके ओळखले तो रॉबर्ट हूक नावाचा इंग्रज मोठा तऱ्हेवाईक गृहस्थ होता. १६७५ साली सूर्य पाहण्याच्या दुर्बिणींवर लिहिलेल्या एका पुस्तकाच्या शेवटी त्याने कमानीचे रहस्य छापले. पण ते दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून लॅटिन वाक्यातली अक्षरे विस्कटून, कोड्याच्या रूपाने! १७०३ साली तो वारला आणि १७०५ मध्ये त्या कोड्याचा उलगडा छापून निघाला. त्याचा आशय असा: लवचीक साखळी ज्या आकारात लोंबते, तोच आकार उलटा केला की ताठ कमान उभी राहते. लोंबणाऱ्या साखळीत प्रत्येक कडी शेजारच्या कडीला फक्त ओढते. ती रेघ उलटी केली की ओढीच्या जागी दाब येतो, आणि प्रत्येक दगड शेजारच्याला फक्त दाबतो. दगडाला दाब हवाच असतो. ओढ मात्र त्याला सोसत नाही. या लोंबत्या रेघेचे गणित हूकलाही साधले नव्हते. ते १६९१ मध्ये हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बर्नुली या तिघांनी मांडले.

मी हे वर्गात दाखवतो. सायकलच्या कुलपाची बारीक साखळी फळ्याच्या दोन खिळ्यांना अडकवायची, तिच्यामागून खडू फिरवायचा, आणि तिच्याच शेजारी तेवढ्याच रुंदीचे, तेवढ्याच खोलीचे अर्धवर्तुळ काढायचे. मुलांना फरक लगेच दिसतो. दोन्ही रेघा टोकांना आणि तळाशी मिळतात. मध्ये मात्र अर्धवर्तुळ फुगीर राहते आणि साखळी आतून उतरते. मग फळ्यावरचे चित्र कागदावर घेऊन कागद उलटा धरायचा. “आता सांगा,” मी विचारतो, “वजन साखळीच्या वाटेने खाली जाणार आणि दगड वर्तुळाच्या वाटेने लावलेले. कमान पडायला नको का?”

वर्ग गप्प होतो. पडायला हवी, पण पडत नाही, हे तर सगळे रोज पाहतात. उत्तर जाडीत आहे. कमान ही रेघ नसून पट्टा असतो. त्या पट्ट्याच्या जाडीत साखळीची रेघ कुठेही बाहेर न डोकावता मावली, तर कमान उभी राहते. अर्धगोल कमान केवळ स्वतःचे वजन पेलत उभी असेल, तर तिची जाडी त्रिज्येच्या दहाव्या हिश्श्याहून किंचित अधिक, शेकडा पावणेअकराच्या आसपास, असावी लागते. म्हणजे दहा फुटी दरवाजावर, पाच फूट त्रिज्येला, साडेसहा इंच. दादा अशा दरवाजावर विटेची पूर्ण लांबी, नऊ इंच, धरीत. हूकचे नाव त्यांनी ऐकले नव्हते. त्यांच्या गुरूने नऊ सांगितले होते, आणि त्याच्या गुरूने त्याला.

जाडी पुरली तरी वजन कुठे ठेवले आहे हा प्रश्न उरतोच. वेल्समध्ये टॅफ नदीवर विल्यम एडवर्ड्‌स नावाच्या गवंड्याने १७४६ मध्ये पूल बांधायला घेतला. पहिला पूल पुराने नेला. मग नदीत खांबच नको म्हणून त्याने एकाच कमानीने नदी ओलांडायचे ठरवले. तेही काम पुरात सापडले. पुन्हा बांधली, तर या खेपेस नदीचा काही दोष नसता कमान आपणहून ढासळली. कारण मोठे चमत्कारिक होते. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर दगडांचा भराव फार जड झाला होता आणि माथ्यावर वजन थोडे. खांदे दबले आणि माथा वर उचलला जाऊन फुटला! खाली पडणारे घर आपण समजू शकतो. वर पडणारा पूल समजायला गवंडीच व्हावे लागते. एडवर्ड्‌सने १७५६ मध्ये तीच कमान पुन्हा बांधली, १४० फुटांची, आणि दोन्ही खांद्यांत तीन-तीन गोल भोके आरपार ठेवून तेथले वजन काढून घेतले. तो पूल पाँटिप्रिद गावी आजही उभा आहे. पाहणाऱ्याला ती भोके नक्षी वाटतात.

आमच्या बाजूची शाळा सहलीला निघाली की हमखास विजापूरला जाते. गोलघुमटात शिरताच मुले ओरडायला धावतात, कारण वरच्या सज्जात एकाने कुजबुजले की पलीकडच्याला ऐकू येते. ती ओरडून दमली की मी त्यांना घुमटाखालचे कोपरे दाखवतो. महंमद आदिलशहा १६५६ मध्ये वारला. त्याच्या कबरीवरचे दालन आतून १३५ फूट लांब-रुंद, चौरस. चौकोनावर गोल घुमट बसवायचा कसा? कारागिरांनी आठ टोकदार कमानी एकमेकींतून आरपार ओवल्या आणि चौकोन मिटवत मिटवत वर ९७ फुटांचे वर्तुळ आणून ठेवले. घुमट त्याहून मोठा, आतून १२४ फुटांवर. म्हणजे तो त्या वर्तुळाच्या बराच बाहेर, मागे सरकून बसला आहे. घुमट आपल्या पायाशी बाहेर रेटतो. आत झुकलेल्या या कमानींचे वजन त्याला उलट आत ओढते. दोन्ही ओढींचा हिशेब असा जमवलेला की भिंतींच्या वाट्याला रेटा कमी यावा. हे सारे खिळ्याने आणि दोरीने काढलेले आकार. पण ज्याने ते एकात एक गुंफले, त्याला वजनाची चाल हातात कळली होती.

आता घरच्या गोष्टीकडे येतो. आमच्या शाळेला दगडी ओसरी आहे. तिला ओळीने पाच अर्धगोल कमानी. उन्हाळ्यात धाकटे वर्ग तेथेच बसतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी कमानींचा पूल महापुरात वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या आतल्या माणसांसह नदीत गेल्या. १९२८ चा पूल. त्या बातमीनंतर जुनी कमान दिसली की लोकांच्या पोटात गोळा येऊ लागला, आणि तो येणे स्वाभाविकच होते. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आमच्या ओसरीच्या शेवटच्या कमानीला माथ्यापाशी खालच्या अंगाने फट दिसली. तिच्यात पोस्टकार्ड शिरत होते. वरच्या कचेरीतून पत्र आले: ओसरी धोकादायक दिसते, पाडून पत्र्याची शेड घालावी, शाळेने अभिप्राय कळवावा. आणि गवंड्याचा मुलगा म्हणून अभिप्राय लिहिण्याचे काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिले.

मुले मी त्याच दिवशी ओसरीतून हलवली आणि देवळाच्या सभामंडपात बसवली. त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते. विचार पुढचा होता. ओसरी वाचावी असे मला मनापासून वाटत होते, आणि म्हणूनच माझ्या मतावर माझा भरवसा नव्हता. चाळीस मुलांच्या डोक्यावरच्या दगडांविषयी लिहिताना आवडनिवड कामाची नाही.

त्या दिवसांत मला रोमच्या सेंट पीटरच्या घुमटाची आठवण सारखी होत असे. अठराव्या शतकात त्या घुमटाला मोठमोठ्या भेगा गेल्या आणि एकच घबराट उडाली. पोपने गणिती बोलावले. अखेर पाडुआचा प्राध्यापक जोव्हानी पोलेनी याने हूकचीच युक्ती चालवली. संत्र्याच्या फोडी कराव्या तशा त्याने घुमटाच्या पन्नास फोडी कल्पिल्या, समोरासमोरच्या दोन फोडींच्या तुकड्यांची वजने काढली आणि त्या प्रमाणात ३२ वजने एका दोरीत ओवून ती लोंबत सोडली. उलट्या केलेल्या त्या रेघेला त्याने घुमटाच्या छेदावर ठेवून पाहिले: रेघ घुमटाच्या जाडीत बसत होती. म्हणजे भेगा पडूनही घुमट पडणार नव्हता. तरी खबरदारी म्हणून लोखंडी कडी आवळावीत असा सल्ला त्याने दिला, आणि ती बसवलीही गेली. हे सगळे त्याने १७४८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. भेग हीच मुळी आपत्ती नव्हे, एवढे त्यावरून मला कळत होते. पण पोलेनी पाडुआचा, आणि आमची ओसरी आमच्या गावची.

तालुक्याहून एक तरुण इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी कमानीकडे ओझरते पाहिले आणि सरळ कोपऱ्याच्या खांबाशी जाऊन बसल्या. “गुरुजी, फट शेवटच्याच कमानीला का, बाकीच्या चौघींना का नाही?” त्यांनी विचारले, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता सांगू लागल्या. मधल्या खांबावर दोन्ही बाजूंच्या कमानी एकमेकींना रेटतात, म्हणून तो सुखी. कोपऱ्याच्या खांबाला एकाच बाजूचा रेटा. पलीकडून आधार देणारे कुणी नाही. तो जरासा बाहेर सरकला की कमानीचे पाय फाकतात, आणि पाय फाकले की माथा खालून उघडतो. मग कमान जणू तीन बिजागऱ्यांवर उभी राहते: एक माथ्याला, दोन दोन्ही बाजूंना. तीन असल्या तरी ती पडत नाही. चौथी तयार झाली की मात्र दाराच्या फळ्यांसारखी दुमडते. “तेव्हा फट किती हा प्रश्न दुय्यम,” त्या म्हणाल्या, “खांब अजून सरकतोय का, एवढं आपल्याला कळलं पाहिजे.”

मग त्यांनी फोनवर कमानीचा समोरून फोटो घेतला, फोन उलटा धरला आणि गळ्यातली बारीक साखळी काढून त्या चित्रावर लोंबती धरली. ओसरीचे दगड दीड फूट जाड. साखळी दगडांच्या पट्ट्यात आरामात मावली. हे मी फळ्यावर कितीतरी वेळा केले होते, तरी त्या वेळी माझा श्वास थांबला होता हे सांगितले पाहिजे. “ही नुसती समजूत,” साखळी गळ्यात घालीत त्या म्हणाल्या. “वरच्या भिंतीचं आणि छपराचं वजन धरून मी रीतसर आकडे मांडीन.” आठ दिवसांनी ते आकडेही आले. कमान पुरती जाड होती.

खांब मात्र सरकलाच होता. कोपऱ्यावरचा पन्हळ फुटून दोन पावसाळे छपराचे सगळे पाणी त्याच्या पायथ्याशी मुरत होते. सावित्रीच्या पुलाची गोष्टही याहून फार निराळी नसावी असे मला वाटते. तेथे नदी होती, येथे पन्हळ. दगड चुरडून कमान पडल्याचे क्वचितच ऐकू येते. तिच्या पायाखालची जमीन जाते.

अभिप्राय मी एका पानाचा लिहिला. पन्हळ दुरुस्त करावा. कोपऱ्याच्या खांबाचा पाया उघडून भक्कम करावा आणि त्याला बाहेरून दगडी धीर द्यावा. फटीवर काचेच्या पट्ट्या बसवून एक पावसाळा पाहावे. तोवर ओसरीत मूल बसवू नये. दादा अशा फटीवर चुन्याची टिकली लावून बाजूला तारीख कोरीत. आम्ही तीन काचा बसवल्या आणि तारखा रंगाने लिहिल्या. हे सारे मान्य होईपर्यंत बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या. पण मान्य झाले.

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला या साऱ्यात आपले काही सापडल्यावाचून राहत नाही. मीही आकार आधी ठरवून लिहितो. इतकी प्रकरणे, येथे लग्न, येथे मृत्यू. खिळा ठोकला, दोरी फिरवली. मग पात्रांचे वजन पडू लागते आणि ते भलतीकडूनच उतरते. स्पेनमधल्या गाउदी नावाच्या वास्तुशिल्पकाराने असा खिळा ठोकायचेच नाकारले. बार्सिलोनाजवळच्या एका चर्चसाठी त्याने छतापासून दोऱ्यांचे जाळे टांगले, त्यांना शिशाच्या गोळ्यांच्या पिशव्या बांधल्या, आणि वजने हलवीत हलवीत दहा वर्षे आकाराची वाट पाहिली. आकार अपूर्व आला. चर्च मात्र तळघराच्या वर गेले नाही. उलट नाइलच्या काठचे न्यूबियन गवंडी मागच्या भिंतीवर चिखलाने डोळ्यांच्या अंदाजानेच ती साखळीची रेघ काढतात आणि लाकडी साच्यावाचून, एकेक तिरपी वीट भिंतीला टेकवीत, कमानीचे छत दाराकडे आणतात. हसन फाथी यांनी १९४० नंतरच्या दशकात लक्झरजवळच्या गुर्नाच्या वसाहतीसाठी हेच गवंडी मुद्दाम आणवले होते. दादांचा मार्ग या दोहोंच्या मधला. रेघ सोपी घ्यावी, पण पट्टा जाड ठेवावा. वजनाला आपली वाट शोधायला आत जागा असू द्यावी. माझ्या कादंबऱ्यांनाही हाच मार्ग मानवतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

दिवाळीत तुम्ही आपल्या गावी जाल. तेथे वेस असेल, वाड्याचा दिंडीदरवाजा असेल, विहिरीवरची कमान असेल. तिच्या माथ्यावरची भेग पाहून घाबरू नका, आणि जुने ते सोने म्हणून निर्धास्तही राहू नका. आधी तिच्या पायाशी पाहा: पाणी कुठे मुरते आहे, उंदीर-घुशींनी काय पोखरले आहे, पिंपळाचे मूळ कुठवर गेले आहे. मग एखाद्या जाणत्याला बोलवा.

आमच्या तिन्ही काचांवरून यंदाचा सगळा पावसाळा गेला. मृगात, श्रावणात आणि हस्ताचा पाऊस कोसळून गेल्यावर मी शिडी लावून त्यांवर बोट फिरवले. काचा अखंड आहेत. बाईंनी दसऱ्यानंतर येऊन खांबाला ओळंबा लावला आणि कागदावर सही केली. सुट्टी संपली की पहिलीचा वर्ग पुन्हा ओसरीत बसेल. काचा मात्र मी काढणार नाही; पुढच्या पावसाळ्याची तारीख लिहायला त्यांच्या शेजारी जागा ठेवली आहे.